माझ्याच पायाची जोडवी

जोडवी करणं काही अवघड नाही. चांदीची तार लोखंडी सळईवर गच्च गुंडाळायची, छिन्नीनं एकेक वेढा तोडायचा, हातोडीनं ठोकून गोल करायचा, कानस मारायची. झालं! कराडात आमच्या घरी माझे वडील, आबा, हेच करायचे, आणि शाळा सुटल्यापासून त्यांच्या शेजारी बसून मीही तेच करत होते. जीव अगदी विटून जायचा, पण विचारतंय कोण?

लग्न ठरलं तेही तसंच. मुलगा सांगलीकडचा. मला पसंत आहे का, हे विचारायचं सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं. माझी जोडवी करायलाही मीच बसले. एरवी आम्ही जोडव्याचं तोंड उघडं ठेवतो, म्हणजे बोटाप्रमाणे सैल-घट्ट करता येतं. पण सासूबाईंचा निरोप आला, उघडं तोंड लुगड्यात अडकतं, झाळून बंद करा. "करून टाक गं," आबा म्हणाले, "त्यास्नी कशाला दुखवायचं?" मग मी फुंकणी फुंकून सांधा असा पक्का केला, की शोधून सापडू नये.

माप मात्र चुकलं. पाय दिवसभरात फुगतो, म्हणून माप नेहमी संध्याकाळी घ्यायचं, हे आमच्या घरात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण गिऱ्हाइकांच्या कामातून आबांना सवड कुठली? त्यांनी माझ्या बोटाला दोरा गुंडाळला तो ऐन थंडीत, पहाटे, पाय आखडलेले असताना. आणि लग्न वैशाखातलं, भर दुपारचं.

जोडवी सकाळी जोर करूनच घालावी लागली. अक्षता पडेपर्यंत उजव्या पायाचं बोट काळंनिळं झालं. साबण लावला, तेल लावलं, नणंदेनं ओढून बघितलं. जोडवं हलेना. ठणका पार डोक्यात जात होता. मी रडत नव्हते, संतापले होते.

"आबा, तोडा हे," मी म्हटलं.

तार तोडायची बारीक पक्कड त्यांच्या खिशात असायचीच. लोकांच्या अडकलेल्या अंगठ्या त्यांनी हसत हसत तोडून दिलेल्या मी कितीदा पाहिल्या होत्या. ते खाली बसले, माझा पाय मांडीवर घेतला, पक्कड काढली. बोट बघून त्यांचा चेहराच उतरला. आणि मग मान वर करून त्यांनी सासूबाईंना विचारलं, "ताई, तोडू का?"

"आवं, आत्ता अक्षता पडल्या, अन् लगीच जोडवं तोडायचं? लय वंगाळ ते. उतरंल की सूज."

"आबा, बोट माझं हाय!" मी ओरडलेच. सगळा मांडव बघायला लागला. व्हिडिओवाल्यानं तर दिवा माझ्याकडंच वळवला.

आबांनी माझा पाय मांडीवरून उचलला आणि हळूच जमिनीवर ठेवला.

"आता त्यास्नी विचारायचं, बाळ," ते म्हणाले, आणि पंगतीत पाणी कमी पडतंय का ते बघायला गेले.