आंबेदऱ्याची भिंत

मंजुळाकाकू घराला चुना देत होत्या, मी बादली धरून उभा होतो. भिंतीच्या मधोमध मात्र त्यांचा कुंचला वळसा घालून पुढे गेला. तिथे जुन्या निवडणुकीतली विटकी अक्षरं आहेत: 'आंबेदरा मतदारसंघ'. पुनर्रचनेत तो गेला. निम्मी गावं एका शहराला जोडली, निम्मी दुसऱ्याला. आता आमची मतं म्हणजे भाजीवर फुकट मिळणारी कोथिंबीर.

सवय कुठे जाते? गेल्या प्रचारात नव्या उमेदवाराच्या सभेत माईक माझ्या हाती होता. मी छाती फुगवून म्हणालो, "आंबेदरा मतदारसंघातल्या बंधू-भगिनींनो..." टाळ्या थांबेनात, आणि उमेदवाराचा चेहरा बघवेना. तेव्हापासून मला माईक लांबूनच दाखवतात.

मतदारसंघ म्हणजे कागदावरची रेघ, हे मलाही कळतं. पण त्या रेघेच्या आत आम्ही भांडलो, पडलो, निवडून आलो. मंत्र्यांच्या गाड्या आमच्याच चिखलात रुतल्या आणि आम्हीच त्या ढकलल्या.

तेवढ्यात त्याच उमेदवाराची माणसं रंगाचे डबे घेऊन आली.

"काकू, हे पुसून साहेबांचं नाव टाकतो."

"साहेबांना म्हणावं, आधी आमचा मतदारसंघ परत आणा. मग बघू."

"अहो, ते आता वाचता तरी येतंय का?"

मला राहवलं नाही. काकूंनी खिडक्यांसाठी आणलेला निळा रंग घेऊन मी त्या माणसांच्यादेखत अक्षरं गिरवायला लागलो. माझा हात असा, की 'मतदारसंघ' उतारावरून घसरल्यासारखा खाली गेला.

"वाकडं झालं, काकू."

"होऊ दे. रस्त्यावरून दिसतंय ना?"