तायडेभाऊ आणि मास्तरांचं स्टॉपवॉच

सरकारी नोकरीत माणूस कागद सांभाळायला जातो आणि किस्से घेऊन घरी येतो. मी अमरावतीच्या एका कचेरीत रेकॉर्ड रूमचा कारकून होतो. काय काम केलं ते आता धड आठवत नाही, पण कोण कुणाला काय बोललं ते सगळं पाठ! घरात मी ‘आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एकदा’ एवढं म्हटलं की बायको उठून भाजी निवडायला घेते. म्हणून तुम्हाला सांगतो.

नवं राज्य नुकतंच झालं होतं. पुण्याहून करंदीकर नावाचे साहेब बदलून आले. तरुण, हुशार, मनानं चांगले. आमची रेकॉर्ड रूम म्हणजे इंग्रजांच्या काळातली लाकडी फडताळं, त्यांत कापडात बांधलेले फायलींचे बस्ते, आणि ते काढून देणारे दफ्तरी तायडेभाऊ. कुठलाही नंबर सांगा, मान वर न करता उत्तर यायचं, “तिसरं फडताळ, खालून दुसरा कप्पा.” यादी नाही, काही नाही. सगळं त्यांच्या डोक्यात!

साहेबांना घाम फुटला. “अहो, तायडे उद्या आजारी पडले तर?”

“मंग फाइल परवा भेटन,” तायडेभाऊ म्हणाले.

* * *

साहेबांनी नवी पद्धत काढली. ज्या फायली रोज लागतात त्यांचे बस्ते पुढे, ज्या वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही ते मागे, आणि प्रत्येकाची जागा एका कार्डावर. नवी फडताळं मिळणार नव्हती, जे करायचं ते जुन्यातच. पण वर रिपोर्ट पाठवायचा तर पुरावा हवा. म्हणून ठरलं, त्याच वीस फायली आधी जुन्या पद्धतीनं काढायच्या, मग नव्या, आणि वेळ मोजायचा.

स्टॉपवॉच गावात एकच. हायस्कुलातल्या ड्रिलच्या गावंडे मास्तरांकडे. मास्तर म्हणाले, “घड्याळ कोणाच्या हाती देत नसतो मी. मीच येतो!”

आले. हाफ पँट, गळ्यात शिट्टी. रेकॉर्ड रूमच्या दारात उभे राहून ओरडले, “ऑन युअर मार्क!” आणि अशी शिट्टी मारली की शेजारच्या खोलीतले मोठे बाबू दौतीसकट उठले. तायडेभाऊ पन्नाशीचे, पण धोतर खोचून जे सुटले!

“तायडे, धावू नका!” साहेब मागून ओरडले. “रोज आणता तशा आणा!”

तायडेभाऊ जागच्या जागी थांबले. “रोजच्यासारख्या आणाच्या त मले आधी चहा लागते, साहेब.”

साहेब माणूस नियमाचा. त्या दिवसापासून आमच्या तक्त्यात दोन रकाने झाले. एक ‘चहासह’, एक ‘चहाविरहित’!

* * *

जुन्या पद्धतीचा आकडा लिहून झाला. मग आठवडाभर खपून आम्ही नवी मांडणी केली. पहिल्या दिवशी तायडेभाऊ कार्डं वाचत बसले, वेळ दुप्पट लागला. साहेबांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वीस फायली मागितल्या. मास्तरांची शिट्टी तोंडातून निघायच्या आत वीसच्या वीस टेबलावर!

साहेबांनी माझा हात धरून दाबला. “पाहिलंत? पद्धत अंगवळणी पडायला एकच दिवस लागला!”

मला मात्र शंका आली. मी तायडेभाऊंना बाजूला घेतलं. “भाऊ, खरं सांगा, इतक्या लवकर कशा काढल्या?”

“काढतो कायले? कालच्या ठेवल्याच नोयत्या. टेबलाखालीच होत्या.”

“अहो, जागेवर काहून नाही ठेवल्या?”

“उद्या पुन्हा याच मांगतीन, मले मालूम होतं ना!”

मी ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी वेळांचा तक्ता पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, “तसा विचार केला तर हीच माझी पद्धत आहे.”

* * *

नव्या पद्धतीचा नियम नंबर सात, प्रत्येक बस्ता आपल्या जागी. साहेब स्वतः तपासायला निघाले, तर चौथ्या फडताळाच्या पायाखाली एक बस्ता दाबून बसवलेला! साहेबांनी खाली बसून तो ओढला.

तायडेभाऊ ओरडले, “साहेब, नका! त्याच्यावरच उभं आहे ते!”

तोवर फडताळ झुकलं होतं. साहेबांनी पाठ लावून कसंबसं अडवलं. आम्ही बस्ते उतरवू लागलो. तेवढ्यात एक वकील कुठल्याशा कागदाची नक्कल मागायला आले. फडताळाला पाठ लावून घामाघूम उभे असलेले साहेब त्यांनी डोळे भरून पाहिले.

“वा, साहेब! आतापर्यंतचे साहेब नुसते खुर्चीले टेकत होते!”

* * *

मग बातमी आली, अकोल्याच्या कचेरीत हीच पद्धत सुरू झाली असून तिथं एका फायलीला अर्धा मिनिटही लागत नाही. साहेबांची झोप उडाली. मला घेऊन बडनेऱ्याहून गाडीनं थेट अकोल्याला.

तिथले दफ्तरी सोनोने. फडताळं आमच्यापेक्षा मोडकी. साहेबांनी फायलीच्या नंबराची चिठ्ठी दिली, घड्याळाकडे पाहिलं. सोनोनेंनी चिठ्ठी वाचली आणि लगेच परत दिली. “नाही भेटत.”

दुसरी चिठ्ठी. “नाही भेटत.”

तिसरी. “नाही भेटत.”

“अहो, तुम्ही उठलासुद्धा नाहीत!” साहेब म्हणाले.

“उठलो असतो त टाइम नसता का वाढला?”

* * *

अखेर साहेबांनी रिपोर्ट पाठवला. त्यात भाबडेपणानं एक वाक्य लिहिलं, ‘आता हे काम कोणीही करू शकेल.’ महिन्याभरात वरून हुकूम आला, तायडे यांची बदली धारणीला.

धारणी म्हणजे मेळघाटात. पावसाळ्यात मोटार कधी पोचेल त्याचा नेम नाही. तायडेभाऊंची मुलगी त्या वर्षी मॅट्रिकला बसणार होती, त्यांच्या घरातली पहिलीच. साहेबांना जेवण गोड लागेना. बदली रद्द करा म्हणून त्यांनी वर दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, ‘हुकुमाची मूळ प्रत जोडून पुन्हा लिहावे.’

साहेब स्वतः रेकॉर्ड रूममध्ये आले. मी तिथंच होतो. “तायडे, तो बदलीचा हुकूम काढा.”

तायडेभाऊ गेले. सगळी फडताळं फिरून आले. “नाही सापडून राहिला, साहेब.”

“परवाच तर तुमच्याकडे आला!”

“हो, आला ना.”

“अहो, हुकूमच नसेल तर मी तुम्हाला धारणीला सोडणार कसा? तुमच्या हातून आजवर एक कागद हरवलेला नाही. हाच कसा हरवला?”

तायडेभाऊंनी टोपी काढली. “वीस वर्षं झाली, साहेब. माह्या हातून एक बी चूक होऊ नये का?”

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग रजिस्टर ओढून स्वतःच्या हातानं शेरा लिहिला, ‘शोध चालू आहे.’

पुढं साहेब बदलून गेले. नंतर आलेल्या चार साहेबांनी त्याच शेऱ्याखाली सही केली. तायडेभाऊ अमरावतीतूनच रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी मी रजिस्टर उघडून पाहिलं, तर शोध चालूच होता!