चहाबरोबर वाचलेला लॉग

उल्हासनगरला कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. आमच्या बौद्ध समाजातल्या एका वधू-वर मंडळाची वेबसाइट आम्ही तिघं सांभाळायचो. अर्जात शेवटी एक रकाना होता, खासगी माहितीचा. त्यातलं लिखाण एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूप लावून साठवायचं काम माझं. बदलापूरला घरी मी त्याची भारी फुशारकी मारायचे. "बाबा, तिथे लिहिलेलं आम्हालासुद्धा वाचता येत नाही."

यायचं की. साइटवर जे घडेल ते लॉग नावाच्या फाइलमध्ये आपोआप लिहिलं जायचं. अर्जही आत येताना जसाच्या तसा तिथे उतरायचा. कुलूप त्यानंतर लागायचं. चुका शोधायला रोज दुपारी चहाबरोबर लॉग उघडायची आमची पद्धत होती. चुका राहायच्या बाजूला, आम्ही लोकांची गुपितं वाचून हसत बसायचो. कोणाचा विग, कोणाचा मोडलेला साखरपुडा. मी जरा जास्तच हसायचे.

एके दुपारी दोघांपैकी एक सहकारी मोठ्याने वाचायला लागला. "मोरिवलीची कंपनी बंद पडल्यापासून घर मुलीच्या पगारावर चालतं. आलेली दोन स्थळं मी तिला न सांगता परत पाठवली. लग्न लांबलं यात तिची चूक नाही."

"काय बाप आहे यार," म्हणत त्याने वरची ओळ पाहिली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मुलीचं नाव माझं होतं. बाबांनी हेंद्रेपाड्यातल्या सायबर कॅफेत बसून एका बोटाने ते टाइप केलं असणार.

त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी मन मोकळं केलं, आणि आम्ही त्यावर चहा प्यायलो.

लगेच फिल्टर लिहिला. चार ओळींचं काम, पण तोवर कधी सुचलंच नव्हतं. आता त्या रकान्याच्या जागी लॉगमध्ये नुसत्या फुल्या यायच्या. जुन्या फाइली पुसल्या. सहकारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघायचं टाळत होता, त्याचीही लाज वाटली.

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं, ते खासगी लिहिलेलं खरंच कोणाला दिसत नाही का.

"नाही," मी म्हणाले.

"तुला पण नाही?"

"नाही."

ते भात कालवायला लागले.

"तुला तरी दिसायला पाहिजे होतं," ते म्हणाले.