नागवेणक्काची सावड

नागवेणक्का पोफळीवर चढते याचं आमच्या होसगद्द्यात आता कुणाला नवल वाटत नाही. बावन्न वर्षांची बाई, नवऱ्याची जुनी पँट, वर त्याचाच शर्ट, अंबाड्यावर घट्ट बांधलेला पंचा. चढायचं लोखंडी यंत्र खोडाला अडकवायचं, पाय रोवायचे आणि बघता बघता पन्नास फूट वर. तिथून ती मला विचारते, "सुमने, आज दोसा करपवलास का गं? इथवर वास आला."

चढायला ती शिकली ती मात्र हौसेनं नाही.

तिचा नवरा विघ्नेश्वर चैत्रात गेला, दोन दिवसांच्या तापानं. मूल नाही, आणि साडेचारशे झाडांची बाग. त्या आषाढात चार दिवसांची उघडीप मिळाली. अशा उघडिपीत मोरचूद-चुन्याचं पाणी घडांवर फवारलं नाही, तर कोळेरोग येतो आणि कोवळी सुपारी कुजून गळते. झाडावरून झाडावर जात फवारणारा गडी गावात एकच, तिम्मा. त्याच्या पाळ्या ठरलेल्या. वरच्या घरचे सुब्राय हेगडे म्हणजे विघ्नेश्वरचे थोरले चुलतभाऊ. ते स्वतः येऊन सांगून गेले, "नागवेणी, परवा सकाळी तिम्मा तुझ्याकडे. काळजी करू नकोस."

तिनं मोरचूद भिजवून ठेवला. परवाचा दिवस उजाडला, तिम्मा आला नाही. सुब्रायांनी त्याला आपल्याच नव्या बागेत ठेवून घेतला होता. एक दिवस, मग आणखी एक दिवस. त्यानंतर आभाळ जे भरलं ते अकरा दिवस उघडलं नाही. नागवेणक्का टोपल्याच्या टोपल्या कुजलेली सुपारी उचलून खड्ड्यात टाकत राहिली. भांडली नाही. "भांडली असती तर बरं झालं असतं," असं माझ्या सासूबाई म्हणतात. त्यांचं नाव कमलाक्षी, आम्ही त्यांना अत्ते म्हणतो.

दिवाळीनंतर नागवेणक्कानं शिमोग्याहून ते यंत्र मागवलं. पहिल्या महिन्यात दोनदा पडली, गुडघे सोलवटले, पण फाल्गुनापर्यंत ती सरसर चढायला लागली. फवारणी, तोडणी, सोलणं, उकडणं, वाळवणं, सगळं एकटीनं. ओढ्याकाठची खालची दोनशे झाडं तिनं सोडूनच दिली. तिथले पाण्याचे पाट बुजले, वेली माजल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, "जिथवर माझा हात पोचतो, तेवढंच माझं."

ती माणूसघाणी झाली असं मात्र कुणी समजू नये. कुणाकडे बाळंतपण असो, श्राद्ध असो, कैऱ्या खारवायच्या असोत, नागवेणक्का सगळ्यांच्या आधी हजर. आमच्याकडे कामाची सावड चालते. आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे. हिची सावड एका बाजूनंच चालायची. जायची सगळ्यांकडे, बोलवायची कुणालाच नाही. मी एकदा वाटीभर तंबुळी, म्हणजे ताकातली पातळ चटणी, पाठवली, तर दिवस मावळायच्या आत वाटी लाडवांनी भरून परत आली.

अशी बारा वर्षं गेली. मग एका कार्तिकात अत्ते न्हाणीघरात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ऐन सुपारीचे दिवस, अंगणात सोलायच्या सुपारीचा ढीग, आणि माझा नवरा हुबळीत नोकरीला. सकाळी सातला नागवेणक्का स्वतःची विळी काखेत मारून आली.

"सुमने, पाट दे बसायला."

खाटेवरून अत्ते म्हणाल्या, "नागवेणी, विळी ठेव बाजूला. धने-जिऱ्याचा गरम कषाय घे आणि घरी जा."

"हा ढीग बघितलास का?"

"बघितला. आमचा आहे, आम्ही सोलू. नाहीतर राहील पडून. तुझा हात नको."

"का? माझ्या हाताला काय झालं?"

"तुझा हात नुसता देतो. बारा वर्षांत तुझ्या घरी कुणाला इकडची काडी तिकडे करू दिली नाहीस. आमचं काही तुझ्याकडे राहू द्यायचं नाही, मग तुझं आमच्याकडे का राहावं?"

नागवेणक्काचा चेहरा उतरला. "म्हणजे मी उपकार दाखवते?"

"दाखवत नाहीस गं. पण तू आलीस की आम्ही भिकाऱ्यासारखे होतो, एवढंच."

"मी ज्याच्यावर विसंबले त्यानं काय केलं, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. सुब्रायनं केलं ते वाईटच केलं. पण तू माझ्याकडे का आली नाहीस? माझं दार दिसत होतं की तुझ्या अंगणातून."

"माझंही दार दिसत होतं तुझ्या अंगणातून," नागवेणक्का म्हणाली.

अत्तेंनी कषायाचा पेला तिच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "हो. ते आमचं चुकलं. आम्हाला वाटलं, सुब्राय बघतोय."

कषाय तसाच ठेवून नागवेणक्का निघून गेली. मी अत्तेंवर चिडले, कारण ढीग मलाच सोलायचा होता. त्यानंतर अठरा दिवस ती आमच्याकडे फिरकली नाही. एकोणिसाव्या दिवशी आली ती खाटेच्या कडेला टेकली. वासराचं बोलली, थंडीचं बोलली, आमच्या छपराच्या कौलांचंही बोलली. अत्ते नुसत्या "हं, हं" करत होत्या.

"खालच्या बागेतले पाट बुजलेत," शेवटी ती म्हणाली.

"हं."

"एकटीनं होणार नाही असं नाही."

"मग कर की."

नागवेणक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "आठ माणसं लागतील. एक दिवसाचं काम आहे. तुला सांगून ठेवते."

"सांगू नकोस. विचार."

मी दारातून बघत होते. पन्नास फुटांवरून खाली बघताना जिला घाम फुटत नाही, तिच्या कपाळावर घाम होता. "याल का तुम्ही सगळे?" ती म्हणाली. "माझ्याकडे कामाला याल का?"

"येऊ की," अत्ते म्हणाल्या. "सुमने, फोन आण. आणि हिला तो पाट दे, हवं तर सोलू दे तिला."

माघात आम्ही तिच्या खालच्या बागेत उतरलो. आठांना बोलावलं होतं, नऊ जण आले. नववे सुब्राय हेगडे, खांद्यावर फावडं घेऊन.

"मला बोलावणं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं," नागवेणक्का म्हणाली.

"तरी आलो."

"दिसतंय. त्या कोपऱ्यातला पाट घ्या, तिथे मुळं जास्त आहेत."

त्यांनी सकाळभर मुळं तोडली. दुपारी केळीच्या पानांवर पंगत बसली. ती भात वाढत त्यांच्यापर्यंत आली तेव्हा सुब्राय पानाकडे बघतच म्हणाले, "त्या वर्षी तुझी पाळी आहे हे मला माहीत होतं. विसरलो नव्हतो. माझी बाग नवी, मला लोभ सुटला. वाटलं, आभाळ अजून दोन दिवस धरेल."

"हे बोलायला तुम्हाला बारा वर्षं लागली, भावजी?"

"तू झाडावरून खाली यायचीस कधी?"

पंगतीत कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. ती हसली नाही. "मी हे विसरणार नाही," ती म्हणाली.

"नकोच विसरू."

"भात वाढू अजून?"

"वाढ."

खरी कसोटी आषाढात लागली. तीन दिवस उघडीप राहील असं रेडिओवर सांगितलं. आमची बाग लहान, पण आमच्याकडे चढणारं कुणी नव्हतं; तिची मोठी, ती झाडावरून झाडावर जाणाऱ्या तिम्मालाच एका दिवसात झेपणारी, म्हणून सावड अशी ठरली की नागवेणक्कानं यंत्र घेऊन आमची बाग फवारायची आणि त्याच दिवशी तिम्मानं तिची. तिम्माला आणायचं काम सुब्रायांकडे. ठरवताना तिनं मान डोलावली, पण त्या सकाळी ती झाडावर चढली की औषध मारायच्या आधी आपल्या बागेकडे बघायची. आमच्या शेंड्यावरून तिची बाग स्वच्छ दिसते.

आठ वाजले, नऊ वाजले. तिकडे कुणी हललं नाही. पश्चिमेला ढग जमायला लागले. साडेनवाला ती खाली उतरली. पंप खांद्यावरच होता.

"सुमने, मी जाते. निदान माझी वरची साठ झाडं तरी होतील."

अत्ते पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जायचं तर जा. आमची अर्धी राहिली तरी तुला बोल लावणार नाही. त्या आषाढातलं आम्हीही विसरलो नाही."

नागवेणक्का पायवाटेवर जाऊन उभी राहिली. ढगांकडे बघितलं, आमच्या उरलेल्या झाडांकडे बघितलं. मग परत आली, यंत्र पुढच्या झाडाला अडकवलं आणि चढली. वरून तिच्या पंपाचा फस्स फस्स आवाज येत राहिला. आणखी चार झाडं झाली. पाचव्यावर आवाज थांबला.

"काय झालं, अक्का?" मी खालून विचारलं.

"आले," ती म्हणाली. "दोघं आहेत. भावजींच्या डोक्यावर चुन्याची पाटी आहे."

वाटेत मोटरसायकलचं चाक पंक्चर झालं होतं, आणि सुब्राय दोन मैल पाटी डोक्यावर घेऊन चालत आले होते. दिवस मावळायच्या आत दोन्ही बागा झाल्या. पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तोवर औषध वाळलं होतं. त्या वर्षी खालच्या दोनशे झाडांनाही बऱ्यापैकी सुपारी टिकली.

याला आता सहा वर्षं झाली. ती अजून चढते, गावातल्या दोन सुनांनाही तिनं चढायला शिकवलं आहे. सुब्राय उशीर करतात तेव्हा चारचौघांत त्यांना सुनावते, आणि ते ऐकून घेतात. आता तिच्याबद्दल तक्रार असलीच तर वेगळी आहे. गेल्या आठवड्यात माजघरातलं कपाट हलवायला तिनं सहा जणांना बोलावलं.

"अगं, हे दोघांचं काम आहे," सुब्राय कुरकुरले.

"असेल," ती म्हणाली. "दोघांनी कपाट धरा. बाकीच्यांनी फणस फोडा, तो माझ्याच्यानं एकटीनं संपायचा नाही."