सासूबाईंचं सोवळ्यातलं वाचन

सासूबाई गेल्याचा फोन शेजारच्या कोकिलाबेननी केला. "जमाईराज, बा वाचता वाचता ज गया," एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या. गावातल्या गावात, आमच्या अकोट्याहून त्यांच्या नागरवाड्याला पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, कुठलं पुस्तक? अशा वेळी माणसाला काय सुचेल त्याचा नेम नसतो. आज दोन महिने होत आले, आणि त्या हसऱ्या, हट्टी बाईंबद्दल लिहायला बसलो तर पहिल्यांदा आठवतात ती पुस्तकंच...

पुस्तकं वाचनालयातून मीच आणून पुरवायचो. सासरे बाजव्याला रिफायनरीत होते. ते गेल्यावर बाईंचा दिवस पूजा आणि पोथी ह्यांतच जाई. मी पक्का नास्तिक. जरा चिडवावं म्हणून एकदा पुराणकथेवरची नवी कादंबरी त्यांना दिली. तीत सगळी कथा हरलेल्या राक्षसाच्या तोंडून सांगितलेली. वाटलं होतं, दोन पानं वाचून परत करतील. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर बाई आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून पाटावर बसलेल्या, समोर चौरंगावर कादंबरी आणि शेजारी निरांजन. "अहो आई, ही पोथी नाही," मी म्हणालो. "आत देवाचं नाव आहे ना? मग पारोशानं हात कसा लावू?" झालं, तेव्हापासून असलं एकही पुस्तक त्यांनी आंघोळीशिवाय उघडलं नाही. खुणेला तुळशीचं पान. पुस्तकं परत करताना ती पानं राहून जात, आणि वाचनालयातल्या बाई मला विचारत, घरी पुस्तकांची पण पूजा करता का? मी हो म्हणून मोकळा होई.

मग एक कादंबरी अशी दिली, की तीत वनात धाडलेली राणी नवऱ्याला, म्हणजे प्रत्यक्ष देवालाच, जाब विचारते. ती वाचून संपली आणि सासूबाईंनी पूजाच बंद केली. दिवा नाही, पोथी नाही. बायको माझ्यावर उखडली. "आईकडे दुसरं आहे काय? तेवढंही काढून घेतलंस." खरं सांगतो, मी घाबरलो. वादात त्यांना हरवावं असं मला नेहमी वाटे, पण असं नव्हे. बरेच दिवस असे गेले, आणि एका सकाळी मी जिना चढतोय तर वर घंटा वाजतेय. विचारलं, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "देवाला विचारत होते, असा का वागलास? तो गप्प. म्हटलं, गप्प बसलाय म्हणजे चूक कळलीय. चूक कळलेल्याला टाकून द्यायचं नसतं, जावईबापू. तुमच्या सासऱ्यांना कुठे टाकलं मी?"  मी चहा प्यायलो.

त्यांच्या मांडीवर शेवटी सापडलं ते पुस्तकही असंच, युद्ध संपल्यावर मागे उरलेल्या एका म्हाताऱ्या आईची गोष्ट. दिवस झाल्यावर मी ते परत द्यायला निघालो, तर बायकोनं अडवलं. "वाचन अर्धवट राहिलं तर वाचणारा मेल्यावरही वर जात नाही, दारातच ताटकळतो, असं आई म्हणायची. तू पुरं कर."

"मी?"

"मग कोण? तूच आणून दिलं होतंस ना?"

म्हणून हल्ली रोज सकाळी आंघोळ करून मी नागरवाड्याला जातो, त्यांच्या खोलीत बसतो आणि मोठ्यानं वाचतो. कोकिलाबेन खुर्ची घेऊन येतात. मराठी त्यांना अर्धंमुर्धंच कळतं, पण मी थांबलो की "पछी शुं थयुं?", मग काय झालं, असं विचारतात. न पटणारं काही आलं की मी सवयीनं थांबतो. उलट उत्तर येत नाही. मग पुढे वाचतो.

आता एकच पान उरलंय. गेले चार-सहा दिवस सकाळी मी काही ना काही काम काढतो. बायकोच्या ते ध्यानात आलंय. देवावर माझा आजही विश्वास नाही. मात्र सासूबाई दारात ताटकळत उभ्या असतील, तर... राहू देत अजून थोडा वेळ.