भागिरथाचे चार दिवस

भागिरथाला महिन्यातले चारच दिवस माणसासारखं बसायला मिळत, आणि तेही विटाळामुळे.

कामरगावच्या अलीकडे, तुरीच्या वावरांना लागून तिचं घर. नवरा जगदेव देवाधर्माचा माणूस. त्याची आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण आईचे नियम त्याने मरू दिले नव्हते. घरातल्या बाईला पाळी आली की तिने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, देवाकडे फिरकायचं नाही. मागच्या छपरीत, फवारणीच्या पंपाशेजारी बाज टाकलेली असे, तिथं जाऊन बसायचं. गावात बहुतेकांनी हे केव्हाच सोडलं होतं. जगदेवच्या घरात मात्र ते सुरू होतं. रीत वाईटच, कोण नाही म्हणतं? पण भागिरथा सतराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली आणि पहिल्याच महिन्यात तिला एक गोष्ट कळून चुकली. इथं बाईला बसायला जागा आहे ती फक्त त्या छपरीत.

उरलेले सव्वीस दिवस ती उभी असायची. सकाळी उठून शेण, मग पाणी, मग चूल, मग वावर, आणि वावरातून आलं की पुन्हा चूल. चार दिवस मात्र ताट वाढून समोर येई, आधी सासूच्या हातचं, ती गेल्यावर शेजारणीकडून. सासूच्या मते विटाळशीची सावली पडली की मिरचीचं झाड करपतं, त्यामुळे वावरातही जायचं नाही. मिरचीचे हे उपकार भागिरथा कधी विसरली नाही.

दुपारी शेजारची बेबीबाई येई. बेबीबाईची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती, जीभ मात्र तिची अजून ऐन तारुण्यात होती. दोघी खडूने जमिनीवर अष्टाचंग्याचा पट आखत, फोडलेले चिंचोके टाकत आणि गावाची उणीदुणी काढत बसत. चिंचोके या हातातून त्या हातात जात. विटाळ त्यांच्यातल्या कोणत्या चिंचोक्यावर बसला हे काही दोघींना कधी दिसलं नाही. भागिरथा बहुतेक वेळा जिंके. बाकी कुठं जिंकायची तिला सवय नव्हती.

मग पन्नाशी आली, आणि सगळंच कळेनासं झालं.

भर थंडीत अंगातून आगीचा लोट उठे आणि ती गोधडी भिरकावून देई. मसाल्याचा डबा उघडून उभी राही आणि कशासाठी उघडला ते आठवत नसे. जगदेव भाकरी चावताना आवाज करतो हे तिला तेहतीस वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं. आता तो आवाज ऐकला की ताट उचलून फेकावंसं वाटे. एकदा शेजाऱ्यांची शेळी विकली गेली तर ही चुलीपुढे उभ्याउभ्या ढसाढसा रडली. शेळी काही हिच्या ओळखीचीही नव्हती. याच दिवसांत मुलाचं, ऋषिकेशचं लग्न झालं आणि योगिनी सून म्हणून घरात आली. पोरगी कामाला वाघीण, बोलायला मात्र कमी. सासू झाल्यावर आराम मिळतो असं भागिरथाने ऐकलं होतं. प्रत्यक्षात झालं एवढंच की आता चुलीपुढे दोघी उभ्या राहू लागल्या, आणि भाजीत मीठ मात्र भागिरथाच घाली.

आणि एका महिन्यात पाळी आलीच नाही.

तिने वाट पाहिली. बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरावर ती तारखेला नखाने खूण करी. ती खूण मागं पडली, पुढचीही पडली. बायका म्हणतात, सुटका होते. भागिरथाला कळेना, सुटका होते ती कशातून? आता तीसच्या तीस दिवस उभं राहायचं, यालाच सुटका म्हणतात की काय? दुसऱ्या महिन्याच्या शेवटी गहू-हरभऱ्याच्या कामाने तिची कंबर मोडली होती. सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "योगिनी, मी बाजूला झाली वं."

बोलली ती बोलली. शब्द काही परत गिळता येत नाही. योगिनीने आतून "बरं" म्हटलं, जगदेवने न सांगता देवाचा दिवा स्वतः लावला, आणि भागिरथा छपरीत जाऊन दुपारपर्यंत मेल्यासारखी झोपली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यातही.

पाप होतं का हे? बाजेवर पडल्यापडल्या ती देवाशी वाद घाली. विटाळ असताना शिवलं तर पाप, हे खरं. पण विटाळ नसताना शिवलं नाही तर? दिवा रोज लागतच होता, देवाचं काय नुकसान झालं? हिशेबात चूक सापडत नसे, तरी छातीत धाकधूक असे. त्याहून विचित्र म्हणजे खोट्या चार दिवसांत तिचं पोट खरोखर दुखू लागे. खरं काय आणि सोंग काय, हे तिचं तिलाच सांगता येईना.

दिवाळीच्या तोंडावर एक फजिती झाली. तळणातून सुटावं म्हणून तिने आधीच बाजूला बसल्याचं जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी योगिनीही छपरीत आली. तिची खरीच आली होती. त्या वर्षी चिवडा दुकानातून आणावा लागला, आणि बापलेकांनी तीन दिवस खिचडी करपवून खाल्ली. सासूसुना एका बाजेवर बसून अष्टाचंगा खेळल्या. योगिनी चांगली खेळली. त्या तीन दिवसांत एका न्हाणीत, एका दोरीवर कपडे वाळत घालताना तिने काय पाहिलं आणि काय नाही, हे भागिरथाला कळलं नाही. योगिनीच्या चेहऱ्यावरून काही कळतच नसे.

तूर निघाली, माघ लागला. पाळी जाऊन चौदा महिने झाले होते. आणि एका सकाळी न्हाणीत भागिरथाला खरोखरचं रक्त दिसलं.

पहिल्यांदा तिला काय वाटलं असेल? आनंद! "आली की वं माय," असं ती स्वतःशीच पुटपुटली. देवाने आपलं खोटं खरं करून दिलं, फेडलं एकदाचं पाप, असं वाटून तिने तिथंच हात जोडले. छपरीत बसली तीही ताठ मानेने.

त्याच दुपारी बेबीबाई चिंचोके हातात खुळखुळवत म्हणाली, "आशाताई मीटिंगीत सांगून राह्यली होती. पाळी जाऊन वर्ष झालं अन मंग रगत दिसलं, तं बसून नाही राहाचं म्हणे, दाखवून घ्याचं. आत गाठबीठ राह्यते एखांद्या वक्ती." आणि डाव टाकून हसली, "तुले काय त्याचं! तुही तं अजून चालूच हाये. घोडी हायेस बाप्पा तू!"

भागिरथाने चिंचोके टाकले. आठ पडले. तिला सोंगटी हलवायचं सुचेना.

चार दिवस गेले, सात गेले, रक्त थोडं थोडं चालूच. आता सांगायचं कुणाला? चौदा महिने बंद होती असं म्हणावं तर चौदा महिने घराला फसवलं हे आलंच. जगदेव तर घर गोमूत्राने धुवून काढील, आणि धुतल्यावर छपरीतली बाज कायमची उचलली जाईल. न सांगावं तर ही गाठीची गोष्ट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. अकराव्या दिवशी ती उंबऱ्याबाहेरून एवढंच म्हणाली, "अजून थांबून नाही राह्यलं."

"या वयात होते तसं," जगदेव म्हणाला. "माह्या मायलेही झालतं. लोखंडाच्या गोळ्या घे."

"उद्या कारंज्याले दाखवून आणू त्यायले," योगिनी आतून म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

कारंज्याची डॉक्टरीण तरुण होती. तिने वय लिहिलं, वजन लिहिलं, आणि मान वर न करता विचारलं, "काकू, याच्या आधीची पाळी कधी आली होती?"

शेजारच्या खुर्चीवर योगिनी बसलेली. ती भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत होती. खोटं बोलायची सवय लागली की जीभ डोक्याला विचारत नाही.

"मांगच्या महिन्यात," ती म्हणाली.

"दर महिन्याला येते?"

"येते."

"मग एवढं घाबरू नका. पाळी जायच्या वेळी मागंपुढं होतंच. गोळ्या देते, पंधरा दिवसांनी या." डॉक्टरणीने कागद फाडून हातात दिला आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

झालं. सुटली. चार दिवसही वाचले, अब्रूही वाचली. भागिरथा उठली, पदर सावरला, दारापर्यंत गेली. पुढची बाई आत आली, तिच्या कडेवर लेकरू होतं. भागिरथाने तिला वाट दिली आणि मग पाय काही पुढं निघेना. हातातला कागद तिला वाचता येत नव्हता, पण त्यावर आपलं खोटं लिहिलंय एवढं तिला दिसत होतं. तेवढंच घेऊन मरायचं का, असा प्रश्न तिच्या मनात अगदी साध्या शब्दांत उभा राहिला. ती मागं फिरली.

"बाई, ते खोटं हाये," ती म्हणाली. "चौदा महिने झाले पाळी जाऊन."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. लेकुरवाळीला बाहेर थांबायला सांगितलं. "मग दर महिन्याला येते असं का म्हणालात?"

"घरी तसं सांगत होती. बाजूला बसत होती."

"पाळी नसताना? कशासाठी?"

भागिरथाने पुष्कळ शोधलं. देवाशी घातलेले वाद, कंबर, मिरचीचं झाड, सगळं आठवलं. पण सांगण्यासारखं एकच होतं.

"बसाले," ती म्हणाली.

मग डॉक्टरणीने पहिला कागद परत घेतला, फाडला, आणि दुसऱ्यावर लिहू लागली. सोनोग्राफी करायची, वाशीमला. नंतर आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. "बहुतेक वेळा काही वाईट निघत नाही, काकू. पण बघावं लागतं. बरं झालं बोललात."

"मंग हे पाळी नाही?"

"नाही, ही पाळी नाही."

"मंग याले बाजूला बसावं लागते का नाही?"

डॉक्टरीण हसायला निघाली होती, पण भागिरथाचा चेहरा पाहून थांबली. "ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली.

परतीच्या जीपमध्ये सोयाबीनने भरलेले कट्टे होते, त्यांच्यावर दोघी बसल्या. अर्ध्या रस्त्यात जगदेवच्या धास्तीने भागिरथाला राहवेना.

"तुह्या मामाजीले सांगशीन का?"

"काय सांगाचं?"

"हेच. चौदा महिन्याचं."

"मले दिवाळीपासून मालूम हाये, आत्याबाई."

भागिरथा कट्ट्यावरून घसरता घसरता राहिली. "मंग बोलली काहून नाही?"

योगिनी रस्त्याकडे बघत राहिली. "तुमी बाजूला बसल्या का चार दिवस भाजीत मीठ माह्या हातानं पडे," ती म्हणाली.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. या घरात दोघींचे चार दिवस एकच होते, आणि भागिरथाला ते आजपर्यंत ठाऊक नव्हतं. रागवावं की हसावं? तिला दोन्ही जमेना. तिने नुसता योगिनीच्या मांडीवर हात ठेवला, आणि जीप हादरली तरी तो काढला नाही.

घरी पोचल्या तेव्हा छपरीत बाज टाकलेली होती, वर धुतलेली चादर. जगदेवने स्वतः टाकली असावी. ओट्यावरून त्याने विचारलं, "काय म्हणलं डॉक्टरणीनं?"

"वाशीमले फोटो काढाचा हाये," योगिनी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

भागिरथा दारात उभी राहिली. डाव्या हाताला बाज, उजव्या हाताला स्वयंपाकघराचा उंबरा. जन्मभर ज्या बाजेसाठी ती दिवस मोजत आली, त्या बाजेची तिला आज भीती वाटली. तिथं बसायचं म्हणजे वाशीमचा तो फोटो आणि तो तुकडा घेऊन एकटीनं बसायचं. नसताना बसली, आणि आता असताना तिला बसवेना. तिने उंबरा ओलांडला.

"अवं! तू बाजूला हायेस ना?" जगदेव ओट्यावरून ओरडला.

"डॉक्टरीणबाई म्हणली हे पाळी नाही, मामाजी," योगिनी आतून म्हणाली.

"पाळी नाही? मंग काय हाये?"

"तेच पाहाचं हाये अजून."

जगदेव उठला, पुन्हा बसला. आईच्या नियमांत याचं उत्तर नव्हतं. मग त्याने विचारलं, "फोटो कधी काढाचा? मी येऊ का संगं?" आणि त्याचा घाबरा आवाज ऐकून भागिरथाला रक्त दिसल्यापासून पहिल्यांदा रडू आलं.

चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. योगिनीने पळीत थोडा रस्सा घेतला, फुंकला, आणि सासूच्या तळहातावर घातला. "मीठ पाहा."

मीठ कमी होतं. चांगलंच कमी.

"बराबर हाये," भागिरथा म्हणाली, आणि सवयीने परातीकडे हात नेला. योगिनीने परात आपल्याकडे ओढली, भिंतीला पाट लावला.

"काही करू नका. बसा."

भागिरथा बसली. चौतीस वर्षांत या स्वयंपाकघरात ती कधी रिकामी बसली नव्हती. हात कुठं ठेवावेत तेच तिला कळेना.