दोनशे तास

परवा फवारणीच्या पंपात पेट्रोल ओतताना वास नाकात शिरला आणि मी मनानं अमरावतीच्या धावपट्टीजवळच्या, विमान शिकवणाऱ्या शाळेच्या ऑफिसात जाऊन बसलो.

कापूस बुडण्याची वर्षं होती. माझे भाड्याचे ट्रॅक्टर अकोल्यात नुसते उभे होते. तरी पायलट व्हायचं म्हणणाऱ्या माझ्या मुलीला, रुबीनाला, घेऊन गेलो होतो. तिथले साहेब म्हणाले, "लायसन्ससाठी दोनशे तास विमान उडवावं लागतं."

तासावर ट्रॅक्टर देणारा माणूस मी. म्हटलं, "चांगला ड्रायव्हर दोन तासाचं वावर दीड तासात नांगरते. पोरगी हुशार आहे, दीडशे करा."

"मग आधी ट्रॅक्टरच शिकवा तिला," साहेब हसले. रुबीनाही हसली. मी तिच्यापुढचा प्रवेशाचा फॉर्म ओढून फाडला.

जीपमध्ये ती हळूच म्हणाली, "अब्बा, ते मजाक करून राहिले होते. फक्त तुमची सही बाकी होती."

बडनेरासुद्धा अजून आलं नव्हतं. परत फिरता आलं असतं. मी गाडी आणखी जोरात हाणली.

आज ती शाळेत गणित शिकवते. चूक माझी होती, हे कळतं. पण त्या दोघांचं हसणं आठवलं की वाटतं, आजही मी गाडी वळवली नसती. त्याचीच भीती वाटते.